पोरांना बाहेर न्या

साडेतीन वर्षांच्या मुलाच्या दप्तरात काय असतं? चार वह्या, पेन्सिलींचा पाऊच, डबा, पाण्याची बाटली आणि शाळेची डायरी. डायरीत लाल शाईचा शेरा: 'अक्षर सुधारणे आवश्यक'.

त्याला अजून स्वतःचा बूट धड घालता येत नाही. अक्षर कुठून सुधारणार?

माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः त्यांच्या जागी नुसती कूर्चा असते. तिची हाडं होतात ती एकेक करून, वर्षानुवर्षं. तिसऱ्या वर्षी मोजकीच तयार असतात. कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा, तो एक्स-रे लावून दाखवेल. तरी आपण त्या हातात पेन्सिल कोंबतो आणि पानंच्या पानं गिरवून घेतो. मूल रडतं, तेव्हा म्हणतो, 'अभ्यासाचा कंटाळा आहे हो याला.'

कंटाळा नाही. हात दुखतोय त्याचा.

त्या हाताला आधी बळ हवं. माती मळून, फांदीला लोंबकळून, ओल्या वाळूत कोपरापर्यंत हात खुपसून ते येतं. चिंचोके वेचताना बोटांची चिमूट तयार होते. एवढं झालं की पेन्सिल धरायला वेगळं शिकवावं लागत नाही. हे न करता पेन्सिल आधी दिली, तर मुलाच्या वाट्याला फक्त लाल शेरे येतात.

बरं, हे काही नवं नाही. महाराष्ट्राला गेली ऐंशी वर्षं ठाऊक आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. वय ५३. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबरचं बालमंदिराचं काम झालेलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केलेला, 'शिक्षणपत्रिका' चालवलेली. शहरांतल्या शिकल्यासवरल्या घरांत नाव होतं. तिथंच राहिल्या असत्या, तरी कुणी काही बोललं नसतं. त्या गेल्या समुद्राकाठच्या खेड्यात. सोबत अनुताई वाघ, वय ३५. पुढं १९५७च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध.

तिथं मॉन्टेसरीची लाकडी साधनं कोण विकत घेणार होतं? आणि घ्यायची तरी कशाला? शंख-शिंपले होते, बिया होत्या, गारगोट्या, पानं, काटक्या होत्या. मोजायला बिया. लहान-मोठं लावायला खडे. रंगांसाठी पानं-फुलं. साहित्याचा खर्च जवळपास शून्य आणि पुरवठा बारमाही.

मग अडचण आली. मुलं बालवाडीत येईनात.

आपण असतो तर काय केलं असतं? पालकांची सभा घेतली असती. 'यांना शिक्षणाचं महत्त्वच नाही' असं खापर आईबापांवर फोडून अहवाल लिहिला असता. ताराबाईंनी आणि अनुताईंनी मूल येत नाही म्हणजे चूक बालवाडीची, असं धरलं आणि बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. झोपड्यांसमोरच्या सारवलेल्या अंगणात ती भरू लागली, तीच अंगणवाडी. आधी आंघोळ, नखं, केस. मग गोष्ट, गाणं, खेळ. घरची माणसं कामं करता करता बघत होती. आपल्या पोराचं काय चाललंय, हे त्यांना चिठ्ठी पाठवून कळवावं लागत नव्हतं. जरा मोठी पोरं गुरांमागं जात, म्हणून त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेले. कुरणशाळा म्हणतात ती हीच.

युरोपात असे प्रयोग झाले, ते आपण कौतुकानं वाचतो. वाचावेतच. मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्डमध्ये उघड्या हवेतली बालशाळा काढली, गोदीकडच्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी. डेन्मार्कमध्ये एला फ्लाटाऊ यांनी १९५०च्या दशकात मुलांना घेऊन रानात जायला सुरुवात केली. पुढं रानातल्या बालवाड्या जर्मनी-स्कँडिनेव्हियात रुजल्या. पण बोर्डी-कोसबाडचं, म्हणजे डहाणू तालुक्यातलं काम तेव्हाचंच आहे आणि ते गरिबातल्या गरीब मुलांसाठी झालं आहे.

हे आपल्या किती आयांना माहीत आहे?

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज देशात जवळपास १४ लाख आहेत, एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर. एवढा पसारा जगात फार थोड्या देशांकडे असेल. डहाणूतून नाव गेलं, खाऊही गेला. खेळ मात्र वाटेत सांडला.

कुठल्याही अंगणवाडीताईचा दिवस पाहा. मुलांची वजनं घ्या. उंची मोजा. आहाराचं वाटप करा आणि त्याची नोंद करा. 'पोषण ट्रॅकर' ॲपवर माहिती भरा. रेंज नसेल तर रेंज मिळेल तिथं जाऊन भरा. लसीकरणाचा दिवस सांभाळा, गरोदर बायकांकडे जा, सर्वेक्षण आलं की घरोघरी फिरा. योजनेच्या सहा सेवा आहेत. शाळापूर्व शिक्षण त्यातली एक. बाकी सगळं उरकल्यावर जो वेळ उरेल, तो तिचा.

उरतो का?

डिसेंबर २०२३ मध्ये याच ताया आणि मदतनीस मानधनासाठी संपावर गेल्या. पन्नासहून जास्त दिवस बसल्या. मागणी रास्त होती. ज्या बाईच्या हातात राज्यातल्या सगळ्यात लहान माणसांचं शिक्षण दिलंय, तिला पगार नाही, मानधन मिळतं. याचा अर्थ त्या कामाला आपण शिक्षण मानतच नाही. मग तिनं मुलांना घेऊन ओढ्याकाठी जावं, अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

आता त्या अंगणाकडे वळू. गावाकडे जागा आहे, हे खरं. पण निधी आला की तिथं सगळ्यात आधी काय होतं? पेव्हर ब्लॉक. राखाडी आणि लाल, नक्षीदार. उद्घाटन होतं, फलक लागतो. मार्चच्या उन्हात अकरा वाजता त्या ब्लॉकवर अनवाणी पाय ठेवून बघा. आणि पावसाळ्यात? मातीत पाणी मुरतं, ओघळ होतात, बेडूक येतो, गांडूळ येतं. ब्लॉकवर फक्त शेवाळ धरतं आणि मग 'घसरतील' म्हणून मुलांना आत कोंडलं जातं.

पैसे खर्च करून अंगण काढून घेतलं आपण.

शहरात तेही नाही. अंगणवाडी भाड्याच्या खोलीत, दाराशी गटार. आणि पैसेवाल्यांची नर्सरी? बंगल्याच्या तळमजल्यावर किंवा पार्किंगच्या वर. भिंतीवर जिराफ, छताला ढग, गॅलरीत प्लास्टिकचं हिरवं गवत. फी ऐकून गप्प बसावं. त्या गवतावरून उचलण्यासारखं काही नसतं. काडी नाही, खडा नाही, बी नाही. मुंगीसुद्धा फिरकत नाही तिथं.

आणि वर्षातून एकदा 'मड डे'.

त्या दिवशी चाळून आणलेली लाल माती ताडपत्रीवर पसरतात. मुलांना पांढरे टी-शर्ट घालायला सांगतात, म्हणजे डाग फोटोत उठून दिसतील. अर्धा तास. फोटो निघतात, पालकांच्या ग्रुपवर जातात, ताडपत्री गुंडाळली जाते. ज्या मुलाला त्या अर्ध्या तासात नुकती कुठं मजा यायला लागली होती, त्याला टॉवेलात गुंडाळून घरी पाठवतात. पुन्हा माती कधी? पुढच्या वर्षी. म्हणजे तीन वर्षांच्या बालवाडीत तीनदा.

माती रोज लागते. तिला मुहूर्त कसला काढता?

परवा सकाळी बागेत एक मुलगी पाहिली, चारेक वर्षांची. झाडांना पाणी घालायचा नळ गळत होता आणि खाली चिखल झाला होता. तिच्याकडे एक करवंटी आणि कुणीतरी टाकलेला कागदी कप. करवंटी भरायची, कपात ओतायची. कप भरून वाहिला. पुन्हा ओतलं, पुन्हा वाहिला. मग कप ठेवला आणि बोटानं चिखलात चर ओढला. पाणी तिला हवं होतं त्याच्या उलट बाजूला गेलं. ती थांबली. उकिडवी बसून, मान वाकडी करून जमिनीकडे बघत राहिली. मग एक खडा आडवा लावला. पाणी खड्याला वळसा घालून गेलं. दुसरा खडा लावला आणि मधल्या फटीत चिखल लिंपला. पाणी अडलं. तेवढ्यात एका मुलानं येऊन धरणावर पाय दिला. भांडण झालं, रडून झालं. थोड्या वेळानं तोच मुलगा खडे आणून देत होता आणि ती कुठं लावायचे ते सांगत होती.

आजोबा बाकावरून उठले. शांतपणे तिचे हात धुतले आणि म्हणाले, 'चल बाळा, अभ्यास राहिलाय.'

मग आत्तापर्यंत काय चाललं होतं?

आकारमान होतं, उतार होता, कारण आणि परिणाम होता. एकदा फसल्यावर दुसरी युक्ती काढणं होतं. दोघांनी मिळून काम करणं होतं, तेही भांडणानंतर, म्हणजे मोठ्यांनाही जमत नाही ते. शिवाय भाषा होती. ओलं, चिकट, भुसभुशीत, रवाळ, खडबडीत, गुळगुळीत हे शब्द कार्डावरच्या चित्रातून कसे शिकवणार? बोटांना आधी कळतात ते, जिभेवर नंतर येतात.

कुणी म्हणेल, हे सगळं भावनेचं बोलणं झालं. आकडे आहेत का? आहेत.

चीनमधल्या ग्वांगझो शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं. एवढंच केलं. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचं दिसेनासं झालं होतं. जी मुलं नेहमीप्रमाणे वर्गात बसली, त्यांच्यात हेच प्रमाण ३९.५ टक्के. २०१५ मध्ये हा अभ्यास छापून आला. आपण मात्र दुसरीतल्या मुलाला चष्मा लावून आणतो आणि वाटेत शांत बसावा म्हणून मोबाइल हातात देतो.

फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडी टाकलेल्या अंगणात रानातली माती आणि हिरवळ आणून पसरली. तीन ते पाच वर्षांची मुलं तिथं रोज खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या खुणांतही चांगला फरक दिसला. २०२०चा अभ्यास आहे. आणि आपल्याकडे घराघरांत एकच पालुपद: 'शी, घाण आहे ती.'

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगून ठेवलंय: तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसातून किमान तीन तास हालचाल व्हावी, त्यातला एक तास तरी चांगली दमछाक करणारी असावी आणि पडद्यासमोर एका तासाहून जास्त वेळ नको. आपल्या घरातलं मूल आठवा. हे दोन आकडे उलटे झालेत का बघा.

इथं 'आमच्या लहानपणी' सुरू करणाऱ्यांना एक विनंती. पुरे. वाडे गेले, पटांगणं गेली, रस्त्यावर गाड्या आल्या. आणि तेव्हाचं सगळंच काही सोन्याचं नव्हतं. लगोरी भाऊ खेळायचा आणि बहीण कडेवर धाकट्याला घेऊन बघत उभी असायची. आज तीन वर्षांच्या पोराला दार उघडून 'जा खेळ' म्हणता येत नाही. कुणीतरी मोठं माणूस सोबत जावं लागतं. तिथंच घोडं पेंड खातं. वही विकत मिळते, फ्लॅशकार्ड विकत मिळतात, ॲप विकत मिळतं. न बोलता तासभर शेजारी बसणारं माणूस मिळत नाही.

न बोलता, हे महत्त्वाचं. 'पडशील, नको, हळू, तिकडे नको, हात घाण, बघ बरं काका रागावतील.' दहा मिनिटं कुठल्याही बागेत बसून हे मोजा. झाडाच्या बेचक्यात चढणारं मूल पाय टाकायच्या आधी फांदी दाबून बघतं. त्याचा हिशेब चालू असतो. मागून कुणी 'पडशील!' म्हणून ओरडलं की ते हिशेब सोडून मागं बघतं. आणि पडतं.

मग गुडघा खरचटतो आणि ग्रुपवर वादळ. 'टीचर कुठे होत्या?' 'सीसीटीव्ही दाखवा.' एका गुडघ्यापायी वीस मुलांचं अंगण बंद होतं. काचा, गंजके खिळे, उघडी टाकी, भटकी कुत्री यांची काळजी घ्यायलाच हवी, तिथं हयगय नको. पण खरचटणं हा अपघात नाही. धनुर्वाताची भीती वाटते? दीड-दोन वर्षांचं असताना आणि पुन्हा पाच-सहा वर्षांचं झाल्यावर डीपीटीचा बूस्टर असतो. कार्ड काढा, दिलाय का बघा. भीतीवर तो उपाय आहे, खिडकीच्या जाळ्या नव्हेत.

'पण पहिलीत प्रवेश कसा मिळणार?' हा शेवटचा हुकमी पत्ता. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं १३वं कलम वाचा. प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायला बंदी आहे, पालकांचीही. मुलाखतीला 'भेट' म्हटलं तरी ती चाळणीच. जी शाळा सहा वर्षांच्या मुलाला तोंडी परीक्षा देऊन ये म्हणते, ती कायदा मोडते. आणि त्या बेकायदा परीक्षेच्या तयारीसाठी आपण पोराची तीन वर्षं देतो, वर फीही भरतो.

कायद्यानं सहा वर्षांच्या खालच्यांना वाऱ्यावर सोडलंय, तो दोष वेगळा. २००२च्या घटनादुरुस्तीनं हक्क दिला तो ६ ते १४ वयाला. त्याखालच्या मुलांसाठी राज्य 'प्रयत्न करील', एवढंच कलम ४५ मध्ये आहे. २०२०च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा एकच टप्पा धरला, २०२२च्या अभ्यासक्रम आराखड्यानं तर खेळातून शिकणं हाच त्याचा पाया मानला. उत्तम. २०२३ मध्ये 'जादुई पिटारा' आला, खेळणी, बाहुल्या, कार्डांची पेटी. तीही चांगली आहे. पण जमीन पेटीत मावत नाही. बालवाडीसाठी उघड्या जमिनीचा तुकडा सक्तीचा करा, मग पेटी द्या.

विदर्भात एप्रिलमध्ये ४२ अंश असताना कुठलं बाहेर, असं नागपूरचे लोक विचारतील. बरोबर आहे. मग साडेसातला बालवाडी भरवा, साडेनऊपर्यंत मुलं झाडाखाली राहू देत. कोकणात चार महिने पाऊस? विजा नसतील तर भिजू द्या आणि कोरडा कपड्याचा जोड दप्तरात ठेवा. वह्या काढल्या की तेवढी जागा होतेच.

आता ज्यांच्या घरी तीन वर्षांचं मूल आहे, त्यांनी प्रवेशाच्या वेळी तीनच गोष्टी विचारा. मुलं रोज किती वेळ बाहेर असतात? पायाखाली काय असतं? पावसात काय करता? माहितीपत्रक बाजूला सरकवा आणि स्वतः जाऊन अंगण बघा. तिथं मुलांनी केलेला खड्डा दिसला, तर फी परवडते का ते विचारा. सगळं झाडून-पुसून लख्ख असेल तर पुढची बालवाडी बघा.

आणि एक काम नगरसेवकाकडे. पुण्यात महापालिकेच्या कितीतरी बागा सकाळच्या फेरफटक्यानंतर बंद होतात, त्या थेट दुपारनंतर उघडतात. बालवाडीची वेळ नेमकी त्याच्याच मधली. झाडं आहेत, सावली आहे, माती आहे, रखवालदारही आहे आणि फाटकाला कुलूप. शेजारच्या गल्लीत वीस मुलं दहा बाय बाराच्या खोलीत बसलीत. त्यांच्यासाठी रोज नऊ ते बारा ते फाटक उघडायला निविदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही, उद्घाटनाचा फलकही लागत नाही. उद्यान खात्याचा एक आदेश लागतो. परिसरातल्या अंगणवाड्यांची आणि बालवाड्यांची नावं लिहून अर्ज द्या, खाली पालकांच्या सह्या घ्या, पोच घ्यायला विसरू नका.